रणात मेलेल्यांवर हक्क कुणाचा?

दर १५ ऑगस्टला वर्तमानपत्रात लाल किल्ल्यावरच्या भाषणाची बातमी असते आणि आतल्या पानावर, परदेशी घडामोडींच्या रकान्यात, बहुधा तोक्योच्या यासुकुनी मंदिराची. जपानने शरणागती जाहीर केली तो हा दिवस. अमुक मंत्री मंदिरात गेले, पंतप्रधान गेले नाहीत पण त्यांनी पूजेची रक्कम पाठवली, बीजिंगने निषेध केला, सोलने नाराजी कळवली. बातमी दोन-तीन परिच्छेदांत संपते आणि वाद सुरू होतो. एक बाजू म्हणते, आपल्या सैनिकांपुढे मान झुकवायला जपानने चीनला का विचारायचं? दुसरी म्हणते, युद्धगुन्हेगारांना देव्हाऱ्यात बसवणाऱ्या देशाला पश्चात्ताप झालेलाच नाही. मराठीतही हे असंच चालतं. दोन्ही बाजूंनी एक गोष्ट न तपासता मान्य केलेली असते, ती म्हणजे हे भांडण जपान आणि त्याचे शेजारी यांच्यातलं आहे. मला ते मान्य नाही. यासुकुनीत पहिला अन्याय झाला आहे तो जपानच्याच मेलेल्या सैनिकांवर. जपानच्या पंतप्रधानाने तिथे जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे, पण चीन रागावतो हे त्याचं कारण नाही. ज्यांच्यासाठी जातो असं तो सांगतो, त्यांच्याशीच ती प्रतारणा आहे.

आधी ही जागा काय आहे ते नीट पाहू. सम्राटाच्या राजवाड्यापासून पायी जाता येईल इतक्या अंतरावर, कुदानच्या चढावर, १८६९ साली सम्राट मेइजींच्या आज्ञेने हे मंदिर उभं राहिलं. शोगुनशाही मोडून सम्राटाची सत्ता आणणाऱ्या यादवीत सम्राटाच्या बाजूने जे पडले त्यांच्यासाठी ते होतं. यासुकुनी हे नाव त्याला १८७९मध्ये मिळालं. इथे एकाही सैनिकाची राख नाही, हाडं नाहीत. आहेत ती नावं, सुमारे २४ लाख ६६ हजार. नोंदवहीत नाव चढतं, विधी होतो आणि तो माणूस 'कामी' होतो, म्हणजे पूजनीय आत्मा होतो. यातली २१ लाखांहून अधिक नावं शेवटच्या महायुद्धातली आहेत. १९४५पर्यंत या मंदिराचा कारभार लष्कर आणि नौदल या दोन मंत्रालयांकडे होता. माणसं भरती करणारं खातंच त्यांना मरणानंतर देवत्व देत होतं. जगात स्मारकं पुष्कळ आहेत, पण मरणाचं आमंत्रण आणि मरणाचं बक्षीस एकाच हाताने देणारी अशी व्यवस्था विरळा. शेवटच्या उड्डाणाला निघालेले तरुण वैमानिक एकमेकांना 'यासुकुनीत भेटू' म्हणत, ते या व्यवस्थेने शिकवलेलं होतं.

शिवाय ते सगळ्या मृतांसाठी कधीच नव्हतं. मेइजी क्रांतीचा सर्वांत लाडका वीर साइगो ताकामोरी इथे नाही, कारण १८७७मध्ये तो सरकारविरुद्ध लढताना मेला. शोगुनच्या बाजूने लढून मेलेली आइझू संस्थानातली पोरं इथे नाहीत. १० मार्च १९४५च्या रात्री तोक्योवर आगबाँब पडले, एका रात्रीत लाखभर माणसं जळाली, आणि त्यातल्या सामान्य नागरिकांना इथे जागा नाही. सरकारी हुकमाने युद्धकामाला जुंपलेल्या काही नागरिकांची नावं आहेत, शाळकरी मुलामुलींचीही आहेत, पण निकष एकच, सरकारसाठी मेला का. मरणाच्या दुःखाची ही यादी नाही, सरकारच्या उपयोगी पडलेल्या मरणांची आहे. पुढचा सगळा गुंता या एका निकषातून निघालेला आहे.

आता विरुद्ध बाजूचे मुद्दे. त्यातले काही खरोखर भक्कम आहेत आणि ते टाळून केलेला युक्तिवाद मला नको आहे.

पहिला मुद्दा वारसांचा. ज्या आईच्या हाती मुलाची राखही आली नाही, नुसता सरकारी कागद आला, तिला कुठेतरी जाऊन हात जोडायचे होते. खेड्यापाड्यांतून आलेल्या अशा आया आणि विधवा कुदानचा चढ चढून या मंदिराशी आल्या, कारण दुसरी जागा कुणी दिलीच नव्हती. त्यांच्या दुःखाला सैन्यवाद म्हणणं हा निव्वळ कठोरपणा आहे. चेरीचा बहर तोक्योत सुरू झाला हे हवामान खातं ठरवतं तेही याच आवारातल्या एका झाडावरून. फांदीवर पाच-सहा फुलं उमललेली दिसली की अधिकारी कॅमेऱ्यांसमोर तसं जाहीर करतो. इतकी ही जागा रोजच्या जगण्यात मुरलेली आहे. तिथे जाणारा प्रत्येक जण फाशी गेलेल्या युद्धगुन्हेगार तोजोला नमस्कार करायला जातो असं समजणाऱ्याने त्या गर्दीकडे कधी नीट पाहिलेलं नाही.

दुसरा मुद्दा तोक्योच्या खटल्याचा. जपानच्या युद्धकाळातल्या नेत्यांवर १९४६ ते १९४८ चाललेल्या त्या खटल्यात न्यायाधीश जेत्यांचे, फिर्यादी जेत्यांचे. हिरोशिमा-नागासाकीबद्दल किंवा तोक्योच्या आगीबद्दल कुणावर खटला झाला नाही. मंचुरियात जिवंत माणसांवर जंतूंचे प्रयोग करणाऱ्या ७३१ तुकडीच्या प्रमुखांना अमेरिकेने त्यांच्याकडच्या माहितीच्या बदल्यात सोडून दिलं. ज्याच्या नावाने युद्ध झालं त्या सम्राटाला आरोपीच केलं नाही. या खटल्याला निखळ न्याय म्हणता येत नाही, आणि जपानी माणसाला तो सलतो हे मी समजू शकतो. जपानी संसदेने १९५३मध्ये कायदा बदलून फाशी गेलेल्यांच्या कुटुंबांनाही निवृत्तिवेतन लागू केलं. खटल्यात सात वर्षांची शिक्षा झालेले मामोरू शिगेमित्सु पुढे परराष्ट्रमंत्री झाले, जन्मठेप झालेले ओकिनोरी काया न्यायमंत्री झाले. म्हणजे जपानी समाजाने या माणसांना आपल्यात परत घेतलं होतं आणि तेव्हा जगाने फारशी तक्रारही केली नाही.

तिसरा मुद्दा मला सर्वांत टोकदार वाटतो. अ वर्गातल्या, म्हणजे युद्ध आखल्याबद्दल आरोपी ठरलेल्या, युद्धगुन्हेगारांची नावं नोंदवहीत गेल्याचं जगाला एप्रिल १९७९मध्ये कळलं. त्यानंतर तीन पंतप्रधान मंदिरात अनेकदा गेले, चीनने जाहीर निषेध केला नाही. निषेध सुरू झाला तो १९८५मध्ये, यासुहिरो नाकासोने १५ ऑगस्टला 'अधिकृत' म्हणून गेले तेव्हापासून. मग सहा वर्षं दुखावल्या भावना कुठे होत्या? बीजिंगची सत्ता हा विषय हवा तेव्हा बाहेर काढते, स्वतःच्या देशातल्या महादुष्काळात मेलेल्या कोट्यवधींचं मात्र एक राष्ट्रीय स्मारक उभारत नाही, हे खरं आहे.

हे सगळं मान्य करूनही माझं मत बदलत नाही. चीनचा हेतू स्वच्छ नाही म्हणून जपानची कृती बरोबर ठरत नाही. आणि मुख्य म्हणजे, या मंदिरात जायचं पहिल्यांदा थांबवलं ते बीजिंगच्या दबावाखाली आलेल्या कुणी नव्हे. ते थांबवलं सम्राट हिरोहितोंनी.

ही गोष्ट सविस्तर सांगायला हवी, कारण आपल्याकडच्या चर्चेत ती जवळजवळ येतच नाही. कल्याण मंत्रालयाने अ वर्गातल्या मृतांची नावं १९६६मध्येच मंदिराकडे पाठवली होती. १९७०मध्ये मंदिराच्या विश्वस्तांनी ती घ्यायचं ठरवलंही, पण केव्हा ते मुख्य पुजाऱ्यावर सोडलं. त्या वेळचे मुख्य पुजारी फुजिमारो त्सुकुबा यांनी तो निर्णय अखेरपर्यंत लांबवला. मार्च १९७८मध्ये ते वारले. त्यांच्या जागी आलेले नागायोशी मात्सुदाइरा पूर्वी नौदलात अधिकारी होते. त्यांनी काही महिन्यांतच, १७ ऑक्टोबर १९७८ला, चौदा नावं गाजावाजा न करता चढवली. हिदेकी तोजोसह फाशी गेलेले सात, आणि खटला चालू असताना किंवा तुरुंगात मेलेले सात. यात रणांगणावर मेलेला एकही नाही. तोक्योच्या खटल्याने दिलेला इतिहास नाकारल्याशिवाय जपानचं मन उभं राहणार नाही, ही आपली भूमिका मात्सुदाइरांनी पुढे स्वतःच लिहून ठेवली. तेव्हा ती नोंद मृतांच्या शांतीसाठी झाली असं मानता येत नाही. तो जिवंतांच्या राजकारणातला एक डाव होता आणि त्यासाठी लाखो मृतांची जागा वापरली गेली.

युद्धानंतर सम्राट हिरोहितो आठ वेळा यासुकुनीत गेले होते. शेवटचे गेले नोव्हेंबर १९७५मध्ये. त्यानंतर ते कधीच गेले नाहीत. का, याचं उत्तर २००६मध्ये मिळालं, राजगृह खात्याचे प्रमुख तोमिता यांची टिपणवही छापली गेली तेव्हा. एप्रिल १९८८च्या नोंदीत सम्राट नाराजीने सांगतात की अ वर्गातल्यांना घेतलं, मात्सुओका आणि शिरातोरींनासुद्धा. म्हणून आपण त्यानंतर गेलो नाही. हे दोघे सैनिक नव्हते, मुत्सद्दी होते, हिटलरच्या जर्मनीशी करार घडवणारे. हिरोहितोंच्या स्वतःच्या जबाबदारीचा प्रश्न यातून सुटत नाही आणि मी त्यांना पदक देत नाही. पण ज्या सम्राटासाठी हे मंदिर बांधलं, ज्याच्या नावाने ही माणसं मेली, तो सम्राट जिथे जायचा थांबला आणि ज्याचा मुलगा आकिहितो सम्राट म्हणून एकदाही गेला नाही, तिथे पंतप्रधान गेला नाही तर चीनपुढे वाकला असं कसं म्हणता येईल?

आता माझ्या मुख्य म्हणण्याकडे येतो. ती २१ लाख माणसं मेली कशी? इतिहासकार आकिरा फुजिवारा स्वतः चीनमध्ये लढलेले अधिकारी होते. त्यांचा अभ्यास सांगतो की या युद्धात मेलेल्या जपानी सैनिकांपैकी निम्म्याहून अधिक गोळीने मेले नाहीत. ते भुकेने मेले, किंवा भुकेने खंगलेल्या शरीरात शिरलेल्या हिवतापाने आणि अतिसाराने मेले. न्यू गिनीत, ग्वादालकनालवर, फिलिपिन्सच्या जंगलांत. आणि आपल्या मणिपूरमध्ये. मार्च १९४४मध्ये तीन जपानी डिव्हिजन चिंदविन नदी ओलांडून इंफाळ आणि कोहिमाकडे निघाल्या, जेमतेम काही आठवड्यांचा शिधा घेऊन. पुढचं अन्न शत्रूचे साठे जिंकून मिळवायचं, अशी योजना. साठे मिळाले नाहीत. पावसाळा सुरू झाला. कोहिमाला असलेल्या ३१व्या डिव्हिजनचे सेनापती कोतोकु सातो वरच्यांना तारांवर तारा करत राहिले की अन्न नाही, दारूगोळा नाही. उत्तर यायचं, लढत राहा. शेवटी सातोंनी हुकूम मोडला आणि उरलेली माणसं मागे घेतली. जपानी सैन्यात डिव्हिजनच्या सेनापतीने असं करणं ही न ऐकलेली गोष्ट होती. लष्करी न्यायालयात सातो सगळं बोलून टाकतील ही भीती होती, म्हणून त्यांना मानसिकदृष्ट्या अस्वस्थ ठरवून घरी पाठवलं. परतीच्या वाटेवर इतके मृतदेह पडले की वाचलेल्यांनी त्या वाटेला पांढऱ्या हाडांचा रस्ता असं नाव दिलं.

ही मोहीम मंजूर झाली तेव्हा पंतप्रधान कोण होता? हिदेकी तोजो. युद्धमंत्री? तोच. फेब्रुवारी १९४४पासून लष्करप्रमुखही तोच. शत्रूच्या कैदेत जाण्याची नामुष्की जिवंतपणी पत्करू नये अशी आज्ञा जानेवारी १९४१मध्ये प्रत्येक सैनिकाला दिली गेली, तीही त्याच्याच सहीने. जिथे शरण जाऊन जीव वाचला असता तिथे माणसं हातबाँब छातीशी धरून मेली ती या आज्ञेमुळे. तोक्योत बसून उंटावरून शेळ्या हाकणारा हा माणूस आणि कोहिमाच्या चिखलात गवत उकडून खाणारा विशीतला शेतकऱ्याचा पोरगा आज एकाच नोंदवहीत आहेत, एकाच विधीने पूजले जातात, एकाच शब्दाने गौरवले जातात. पंतप्रधान तिथे वाकतो तेव्हा तो दोघांपुढे सारखाच वाकतो. पाठवणारा आणि पाठवलेला यांच्यातला फरक पुसला की 'याला उपाशी कुणी मारलं?' हा प्रश्नच उरत नाही. उपासमारीचं मरण हौतात्म्य होऊन जातं आणि ज्याने उपाशी ठेवलं तोही हुतात्मा.

मला यासुकुनीचा राग येतो तो इथे. जपानच्या शेजाऱ्यांनी भोगलं ते भयंकरच होतं. पण समजा, चीन आणि कोरिया उद्या गप्प बसले. हा प्रश्न सुटेल? कोहिमाच्या त्या पोराच्या आईला तिच्याच सरकारने उत्तर दिलेलं नाही, आणि त्या न दिलेल्या उत्तराची आठवण कुणी करू नये म्हणून ही गौरवाची चादर पसरलेली आहे. तोक्योचा खटला जेत्यांचा होता म्हणून ज्यांना तो नको, त्यांनी जपानी मातांच्या वतीने जपानी न्यायालयात तोजोवर खटला का चालवला नाही? जर्मनीने निदान उशिरा, साठच्या दशकात, आउश्वित्झच्या रक्षकांवर स्वतःच्या न्यायालयात, स्वतःच्या न्यायाधीशांपुढे खटले चालवले. अमेरिकेचा ताबा संपल्यावर जपानने एकही चालवला नाही. परक्यांचा निकाल नाकारायचा आणि स्वतःचा द्यायचा नाही, याला स्वाभिमान म्हणता येत नाही.

मंदिराचे लोक म्हणतात की आता काही करता येत नाही. एकदा कामी झालेला आत्मा बाकीच्यांत मिसळून जातो, तो वेगळा काढता येत नाही. धर्मश्रद्धा म्हणून मी त्याचा आदर करायला तयार आहे. पण श्रद्धा एका बाजूने चालत नाही. सुमारे २१ हजार कोरियन आणि सुमारे २८ हजार तैवानी माणसं याच यादीत आहेत. त्यांचे देश जपानने बळकावलेले होते, त्यांतल्या अनेकांना सक्तीने जुंपलेलं होतं, आणि नावं चढवताना त्यांच्या घरच्यांना कुणी विचारलं नाही. काहींचे वारस ख्रिस्ती आहेत, काहींच्या आजोबांना जपान्यांनी छळलेलं आहे. ते जपानच्या न्यायालयांत वर्षानुवर्षं झगडले, एवढंच मागत की आमच्या माणसाचं नाव काढा. न्यायालयांनी नाही म्हटलं. एक प्रकरण तर असं की नोंद करताना मेलेला समजलेला कोरियन माणूस जिवंत निघाला, तरी नाव हटेना. खुद्द चौदा जणांतल्या कोकी हिरोता या मुलकी पंतप्रधानाच्या कुटुंबानेही पुढे सांगितलं की आमची संमती घेतली नव्हती. बापाचा, भावाचा, नवऱ्याचा शोक करायचा पहिला हक्क घरच्यांचा, हे ज्या जागेला मान्य नाही तिने वारसांच्या दुःखाचा आधार घेऊन बोलू नये.

'पण हे खासगी धर्मस्थळ आहे, सरकारचा काय संबंध?' १९४६मध्ये मंदिर खासगी धर्मसंस्था झालं आणि १९४७च्या राज्यघटनेने सरकारला धार्मिक कृत्यांपासून दूर राहायला सांगितलं, हे बरोबर. पण मृतांच्या याद्या पुरवत होतं कोण? सरकारी मंत्रालय. २००७मध्ये संसदेच्या ग्रंथालयाने प्रसिद्ध केलेल्या कागदपत्रांत मंत्रालयाचे अधिकारी आणि मंदिराचे लोक कुणाला, केव्हा, किती गाजावाजा न करता घ्यायचं यावर एकत्र बसून चर्चा करताना दिसतात. आणि पंतप्रधानांचं 'खासगी' जाणं? २००१मध्ये जुनिचिरो कोइझुमी गेले, वहीत सही केली ती पंतप्रधान म्हणून, फुलांचे पैसे मात्र आपल्या खिशातून भरले. हे ताकाला जाऊन भांडं लपवणं आहे. १९९७मध्ये जपानच्याच सर्वोच्च न्यायालयाने एहिमे प्रांताला बजावलं की यासुकुनीला सरकारी पैशातून दक्षिणा देणं घटनाबाह्य आहे. पंतप्रधानांच्या भेटींवर त्या न्यायालयाने असा थेट निकाल दिला नाही, पण २००४मध्ये फुकुओकाच्या जिल्हा न्यायालयाने आणि २००५मध्ये ओसाकाच्या उच्च न्यायालयाने कोइझुमींच्या भेटी घटनेशी विसंगत असल्याचं नोंदवलं. हे जपानी न्यायाधीश होते.

शिंझो आबे यांनी २०१३मध्ये आर्लिंग्टनचा दाखला दिला होता. अमेरिकेचे अध्यक्ष जिथे जातात त्या दफनभूमीत गुलामगिरीसाठी लढलेल्या दक्षिणेच्या सैनिकांच्याही कबरी आहेत, म्हणून अध्यक्षांनी गुलामगिरीला पाठिंबा दिला असं होतं का? हा दाखला हुशारीचा आहे, पण पुरा नाही. आर्लिंग्टनमध्ये कबरी आहेत आणि तिथे कुणाला पुरायचं यात कुटुंबाचा शब्द चालतो. तिथे मेलेल्याला एका धर्माचा देव करत नाहीत. आणि दक्षिणेचा गौरव करणारं जे शिल्प तिथे शंभरहून अधिक वर्षं होतं, ते डिसेंबर २०२३मध्ये अमेरिकेने स्वतः उतरवलं. यासुकुनीच्या आवारात मात्र युशुकान नावाचं युद्धसंग्रहालय आहे. त्यात मानवी टॉर्पेडो आहे, झिरो विमान आहे, आणि प्रवेशदालनात थायलंड-ब्रह्मदेश रेल्वेवर धावलेलं वाफेचं इंजिन आहे. त्या रेल्वेवर हजारो युद्धकैदी मेले आणि त्यांच्याहून कितीतरी जास्त आशियाई मजूर मेले. त्यांत मलायाच्या रबराच्या मळ्यांवरून नेलेले तमिळ मजूर फार मोठ्या संख्येने होते. संग्रहालय हे युद्ध सांगतं ते स्वसंरक्षणाचं आणि आशियाच्या मुक्तीचं म्हणून. टीकेनंतर काही फलकांवरची वाक्यं बदलली, सूर बदलला नाही.

खरा जवळचा दाखला आर्लिंग्टन नव्हे, बिटबुर्ग. नाकासोने यासुकुनीत गेले त्याच वर्षी, ५ मे १९८५ला, रोनाल्ड रेगन आणि हेल्मुट कोल पश्चिम जर्मनीतल्या बिटबुर्गच्या सैनिकी दफनभूमीत गेले. तिथल्या सुमारे दोन हजार कबरींत ४९ हिटलरच्या एसएस दलातल्या सैनिकांच्या निघाल्या. बरीचशी कोवळी पोरं. तरी केवढा गहजब झाला. छळछावण्यांतून वाचलेल्यांनी रेगनना जाऊ नका म्हणून विनवलं. प्रश्न ४९ पोरांच्या आयांचा नव्हता, त्यांना रडायला कुणी अडवलेलं नव्हतं. राष्ट्रप्रमुख वाकतो तेव्हा राष्ट्र वाकतं, एवढाच मुद्दा होता. जर्मनी त्यानंतर लगेच शहाणा झाला असंही नाही. १९९३मध्ये कोल यांनी बर्लिनच्या नोये वाखेत 'युद्ध आणि जुलमी राजवटीच्या बळींसाठी' सर्वांचं एकच स्मारक केलं, आणि मारणारे व मारले गेलेले एका ओळीत बसवले म्हणून तिथल्या ज्यूंनी आणि इतिहासकारांनी त्यांना धारेवर धरलं. शेवटी बळींचे गट वेगवेगळे नोंदवणारा फलक लावावा लागला. चुका तिथेही झाल्या, पण भांडण घरातल्या घरात झालं आणि त्यातून काहीतरी दुरुस्त झालं.

स्मारकाचा अर्थ ते बांधणाऱ्याच्या हातात कायमचा राहत नाही, असंही कुणी म्हणेल, आणि महाराष्ट्राला हे कुणी शिकवायला नको. भीमा कोरेगावचा स्तंभ कंपनी सरकारने १८१८च्या लढाईतल्या आपल्या फौजेच्या गौरवासाठी उभारला. १ जानेवारी १९२७ला बाबासाहेब आंबेडकर तिथे गेले, आणि पुढे त्या दगडावरच्या महार सैनिकांच्या नावांना त्यांच्या वारसांनी स्वतःचा अर्थ दिला. यासुकुनीचाही अर्थ असा बदलू शकेल का? बदलू शकला असता, जर वारसांना तो अधिकार असता. जपानी वारसांच्या संघटनेचे एकेकाळचे अध्यक्ष माकोतो कोगा यांचे वडील फिलिपिन्सच्या लेइते बेटावर मेले. अ वर्गातल्यांची नावं वेगळी काढावीत असं ते जाहीरपणे सांगत आले. मंदिराने ऐकलं नाही. कोरेगावात अर्थ बदलला कारण कंपनी केव्हाच संपली होती. इथे जुन्या अर्थाचे राखणदार अजून जागेवर आहेत.

पर्याय नाहीत असंही नाही. मंदिरापासून दहा-पंधरा मिनिटांवर चिदोरिगाफुची इथे १९५९पासून राष्ट्रीय समाधिस्थळ आहे. परदेशांतून आणलेले, ओळख न पटलेले साडेतीन लाखांहून अधिक सैनिक आणि नागरिकांचे अस्थिअवशेष तिथे आहेत. तिथे जाणाऱ्यावर कुणी कधी निषेध केलेला नाही. ऑक्टोबर २०१३मध्ये अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री आणि संरक्षणमंत्री तिथे फुलं वाहून गेले. सूचना स्पष्ट होती. तरी दोनच महिन्यांनी आबे यासुकुनीत गेले, आणि अमेरिकेच्या दूतावासानेही निराशा व्यक्त केली. ओकिनावात, माबुनीच्या कड्यावर, १९९५पासून काळ्या दगडांच्या भिंती उभ्या आहेत. तिथल्या लढाईत मेलेल्या सर्वांची नावं त्यांवर आहेत, दोन लाख चाळीस हजारांच्या आसपास. जपानी सैनिक, ओकिनावाचे गावकरी, कोरियन, तैवानी, आणि १४ हजारांहून अधिक अमेरिकन. कोरियातल्या काही वारसांनी नाव कोरायला नकार दिला, तेव्हा तो नकार मानला गेला. वारसांना विचारून नाव कोरता येतं, आणि तेही जपानच्याच भूमीवर, हे इथे दिसतं. २००२मध्ये सरकारनेच नेमलेल्या समितीने धर्मनिरपेक्ष राष्ट्रीय स्मारक हवं असा अहवाल दिला. तो बासनात गेला, कारण यासुकुनीवर मतं मिळतात आणि नव्या स्मारकावर मिळत नाहीत.

राहता राहिला आपल्याकडचा हुकमी पत्ता, राधाविनोद पाल. तोक्योच्या खटल्यातले भारतीय न्यायाधीश, ज्यांनी बाराशेहून अधिक पानांचं भिन्नमत लिहून सर्व आरोपींना निर्दोष ठरवलं. २००५पासून यासुकुनीच्या आवारात त्यांचं स्मारक आहे, आणि तिथे फोटो काढून 'बघा, भारताने जपानला न्याय दिला' असं लिहिणारी मराठी माणसं मी पाहिली आहेत. पाल यांचं धैर्य मोठं होतं. आक्रमक युद्ध हा गुन्हा आधी कायद्यात नव्हता, मग मागाहून शिक्षा कशी, हा त्यांचा कायद्याचा प्रश्न आजही विचार करायला लावतो. पण तो निकाल भारताच्या जनतेचा नव्हता आणि ते जपानच्या सैन्याचं प्रशस्तिपत्रही नव्हतं. अंदमान मार्च १९४२ ते १९४५ जपानच्या ताब्यात होतं. तिथे डॉ. दिवाण सिंग यांना सेल्युलर जेलमध्ये हाल करून मारलं. ३० जानेवारी १९४४ला हंफ्रेगंजजवळ ४४ भारतीयांना गोळ्या घातल्या, आणि ते इंडियन इंडिपेंडन्स लीगशी जोडलेले होते, म्हणजे कागदोपत्री जपानचे मित्रच. त्याच वर्षी मार्चमध्ये मणिपूरच्या सांगशाकला मराठा लाइट इन्फंट्रीची चौथी बटालियन भारतीय पॅराशूट ब्रिगेडबरोबर पाण्यावाचून लढत राहिली आणि कोहिमाकडे जाणारी जपानी फौज तिने मोलाचे काही दिवस रोखून धरली. समोर होते ते सातोंच्याच डिव्हिजनचे, लवकरच उपाशी मरणारे सैनिक. दोन्हीकडच्या त्या पोरांसाठी मला सारखंच वाईट वाटतं. तोजोसाठी वाटत नाही. पाल यांचा हवाला द्यायचा तर पुरा द्यावा. जपानी सैन्याने नागरिकांवर आणि युद्धकैद्यांवर अत्याचार केले याचा पुरावा निर्विवाद आहे, हेही त्यांनी त्याच भिन्नमतात लिहून ठेवलं आहे.